दोन्ही पाय डावे

शलोम तळकर यांनी बेडूक आणला तो
बिस्किटांच्या गंजक्या डब्यातून,
कापसात गुंडाळून, कापसावर जुनं वर्तमानपत्र,
वर्तमानपत्रावर सुतळी.
"वरळीच्या टेकडीतला," म्हणाले.
"टेकडी फोडत होते तेव्हा बाबांना मिळाला."

असेल. वरळीला बेडूक मिळतात,
म्हणजे मिळायचे; काळ्या पाटीसारख्या दगडात,
अंगठ्याच्या पेराएवढे.
लाव्ह्याच्या एका थरानंतर दुसरा यायच्या आत
कुठे थोडं पाणी साचलं,
तेवढ्या मुदतीत जगून घेतलेले.
आता तिथे बत्तीस-बत्तीस मजले आहेत
आणि खाली कोण झोपलंय
ते लिफ्टमनला विचारून उपयोग नाही.

एकोणीस वर्षं मी या कॉलेजच्या तळमजल्यावर
लोकांची निराशा करते.
चोर बाजारातून आलेल्या राळेत
कालची घरमाशी दाखवली आहे,
डायनासोरच्या अंड्याला नदीतला गोटा म्हटलंय.
(त्या गृहस्थांनी अंड्याला नाव ठेवलं होतं.)

पडदे ओढले. जांभळा दिवा लावला.
दगड काळाच राहिला
आणि बेडूक पेटला, निळापांढरा,
गरब्याच्या मंडपात एखाद्याचा शर्ट पेटतो तसा.
खरं हाडही कधीकधी उजळतं,
म्हणून इथे थांबायचं नसतं.

भिंगाखाली घेतला.
दगडातली एक बारीक चीर
बेडकाच्या कमरेपर्यंत येते, थांबते,
पलीकडून पुन्हा सुरू होते,
वाटेत कुणी बसलंय म्हणून वळसा न घालता,
अंगाखालून.
मांडीच्या हाडात बुडबुडे,
शिजलेल्या साबुदाण्यासारखे गोल.
मग बोटं मोजली. पुन्हा मोजली.
तळकरांना बोलावून दाखवलं:
दोन्ही पाय डावे.

ते बराच वेळ भिंगात बघत राहिले.
"उड्या मारताना गोल फिरत असेल," म्हणाले.

शेवटची चाचणी सुईची.
"एक छिद्र पडेल. पोटाशी, दिसणार नाही."
त्यांनी मान हलवली.
सुई लाल केली, टेकवली.
दगड असता तर काहीच झालं नसतं.
बारीक धूर आला, गोडसर, नाकात चढणारा,
आणि मी वहीत लिहायच्या आधी
तळकर मागे सरकून स्टुलावर बसले.

"हा बाबांच्या सदऱ्याचा वास."

भायखळ्याला, एका दातांच्या डॉक्टरकडे,
मागच्या खोलीत, तीस वर्षं
त्यांचे बाबा कवळ्या करायचे.
साचा, प्लास्टर, गुलाबी हिरड्या.
शुक्रवारी संध्याकाळी हात घासघासून धुवायचे,
आई दिवे लावायची,
तरी भाकरीच्या घासालाही हाच वास.
"अर्धं भायखळा त्यांच्या दातांनी जेवलं, बाई.
साचा एकाच पायाचा केला असणार.
दुसऱ्याचा कंटाळा. मालाचा खर्च."

मला विचारायचं होतं, मुलाला फसवायला केला
की मुलाने हट्ट धरला म्हणून?
विचारलं नाही. अहवालात तो रकाना नसतो.

"आणि दगड?"
"दगड खरा. वरळीचाच."
"म्हणजे टेकडीवर गेले होते."
"गेले होते."
"बेडूक नाही मिळाला."
"सगळ्यांना नाही मिळत."

अहवाल लिहायला घेतला.
नमुना: बेडूक, कृत्रिम, दंतवैद्यकीय प्लास्टिक.
पाया: वरळीचा शेल, अस्सल.
वय, इथे पेन अडलं.
साडेसहा कोटी खोडलं, साठ लिहिलं,
मग दोन्ही लिहिली, मध्ये तिरकी रेघ.

तळकरांनी कापूस पसरला, बेडूक ठेवला,
सुतळी हातात घेतली
आणि बांधली नाही.
"बाई, ती सुई," म्हणाले,
"अजून एकदा तापवता येईल का?"

नियम एका नमुन्याला एकाच छिद्राचा आहे.
मी दिव्याची वात वर केली.